चौथ्या नंबरचा खेळाडू: पॅरा स्पर्धांमधले नियम एवढे कडक का असतात?

३१ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये मलेशियाच्या मुहम्मद झियाद झोल्केफ्लीने १७.९४ मीटर गोळा फेकला. त्याच्या वर्गात तोवर कुणी इतका लांब फेकला नव्हता. तरीही निकालपत्रकात त्याच्या नावापुढे ‘डीएनएस’ लागलं, म्हणजे हा खेळाडू स्पर्धेत उतरलाच नाही. स्पर्धेआधी कॉलरूममध्ये हजेरी लावायची एक ठरलेली वेळ असते आणि तिथे तो काही मिनिटं उशिरा पोचला होता. पंचांनी त्याला हरकतीच्या अधीन राहून फेकू दिलं. नंतर सुनावणी झाली, उशिराचं सबळ कारण पटलं नाही आणि सुवर्णपदक १७.३४ मीटर फेकणाऱ्या युक्रेनच्या माक्सिम कोवालला मिळालं.

झियादचा वर्ग एफ२०, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा (‘एफ’ म्हणजे फेकी-उड्यांचे वर्ग, ‘टी’ म्हणजे धावण्याचे). लोकांचा पारा चढला तो यामुळेच. समजून घेण्यात अडचण आहे म्हणून ज्याला या वर्गात घेतलं, त्यालाच घड्याळ पाळलं नाही म्हणून बाहेर काढायचं? सवाल बिनतोड वाटतो. पण त्याच स्पर्धेतले बाकीचे खेळाडूही त्याच वर्गाचे होते आणि वेळेवर आले होते. उशिरा आलेले एकूण तिघे होते, त्या तिघांनाही एकच माप लावलं गेलं.

पुण्यात बालेवाडीच्या संकुलात किंवा एखाद्या शाळेच्या मैदानावर दिव्यांगांच्या स्पर्धा भरतात तेव्हाही हाच पेच छोट्या प्रमाणात पडतो. पंच ‘जाऊ दे, बिचाऱ्याने एवढी मेहनत घेतलीय’ म्हणून फाउल दुर्लक्षित करतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आमच्या मते हा सरळसरळ हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा प्रकार आहे. पदकं तीनच असतात. नियम मोडणाऱ्याला तिसरा ठेवला की नियम पाळणारा चौथा होतो, आणि तोही दिव्यांगच असतो. सवलत जरूर द्यावी, पण ती आधी ठरलेली, कागदावर लिहिलेली आणि सगळ्यांना ठाऊक असलेली हवी. पॅरा खेळांचे बरेचसे नियम नीट वाचले तर ते अशाच लिहून ठेवलेल्या सवलतींचे आहेत. जिथे ती सवलत लिहायची राहून गेली आहे, तिथे मात्र खरोखर अन्याय होतो.

चाळीस टक्क्यांचा दाखला म्हणजे वर्ग नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. पालकांच्या हातात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र असतं, त्यावर टक्केवारी असते आणि मग स्वाभाविकच वाटतं की मुलगा खेळायला पात्र आहे. पॅरालिम्पिक चळवळ मात्र टक्केवारी बघतच नाही. तिथे पात्र अक्षमता दहाच: स्नायूंची कमी ताकद, सांध्यांची मर्यादित हालचाल, अवयव नसणे, पायांच्या लांबीतला फरक, कमी उंची, स्नायूंचा ताठरपणा, तोल आणि समन्वयाची अडचण, आपोआप होणाऱ्या हालचाली, दृष्टीची अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल कायद्याच्या यादीत आहेत, या यादीत नाहीत. कर्णबधिरांसाठी डेफलिम्पिक वेगळं आहे. तिथे चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल लागते आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं.

अक्षमता यादीत असली तरी ती त्या खेळासाठी पुरेशी आहे का, हे वेगळं तपासलं जातं. एका हाताची दोन बोटं नसलेल्या मुलाला दाखला मिळू शकतो, पण धावण्याच्या शर्यतीत त्याला वर्ग मिळत नाही, कारण बोटांमुळे धावण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. एफ४१ या कमी उंचीच्या वर्गात पुरुषाची उंची १४५ सेंटीमीटरपर्यंतच चालते. १४६ असलेला बाहेर. एका सेंटीमीटरने काय बिघडतं, असं विचारणाऱ्याने १४७ वाल्यालाही तेच उत्तर द्यायची तयारी ठेवावी. रेघ कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे कुणीतरी उभं असणारच. म्हणून रेघ कुठे ओढायची यावर वर्षानुवर्षं वाद घालावा, संशोधन करावं. पण एकदा ओढल्यावर मैदानावर ती हलवू नये.

वर्ग ठरवताना किमान दोन क्लासिफायर, म्हणजे वर्गीकरण करणारे तज्ज्ञ असतात. आधी कागदपत्रं आणि शारीरिक तपासणी, मग खेळाच्या हालचाली करून घेणं आणि गरज वाटल्यास प्रत्यक्ष स्पर्धेत निरीक्षण. या शेवटच्या टप्प्यापर्यंत वर्ग पक्का नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टोकियोतच आपल्या विनोद कुमारने एफ५२ थाळीफेकीत १९.९१ मीटर फेकून तिसरा क्रमांक मिळवला होता. दुसऱ्या देशांनी वर्गावर हरकत घेतली, पुन्हा तपासणी झाली आणि क्लासिफायरना त्याला कोणताच वर्ग देता येईना. निकाल रद्द झाला, पदक गेलं. जाणूनबुजून अक्षमता वाढवून दाखवल्याचं सिद्ध झालं तर शिक्षा आणखी मोठी असते, बंदी अनेक वर्षांची होऊ शकते.

इथे एवढी कडकाई का, त्याचं उत्तर सिडनीत सापडतं. २००० साली बौद्धिक अक्षमता गटात बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या १२ खेळाडूंपैकी १० जणांना तशी अक्षमताच नव्हती. भांडं फुटल्यावर हा अख्खा गट पॅरालिम्पिकमधून काढला गेला आणि थेट २०१२ ला लंडनमध्ये परत आला. मधली दोन पॅरालिम्पिकं, २००४ आणि २००८, खऱ्या बौद्धिक अक्षम खेळाडूंच्या हातून गेली. झियादचा एफ२० हाही त्यातलाच वर्ग. ढिलाईची किंमत याच वर्गाने आधी मोजली होती, हे टोकियोवरून रागावताना कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

आपल्या स्थानिक स्पर्धांत फसवणूक कमी आणि सोय जास्त आडवी येते. प्रवेशिका कमी आल्या की आयोजक वर्ग एकत्र करतात: एफ५५, एफ५६, एफ५७ सगळे एकाच गोळाफेकीत. एफ५५ च्या खेळाडूला कमरेखाली ताकद नसते, धडावरही अर्धाच ताबा असतो. एफ५७ वाल्याच्या पायांत थोडीफार ताकद असते आणि त्याचा कमरेचा झोका पूर्ण असतो. सरळ अंतर मोजून नंबर काढले की एफ५५ वाला घरून निघतानाच हरलेला असतो. एकत्र खेळवायचंच असेल तर वर्गनिहाय गुणतक्ता वापरावा. अ‍ॅथलेटिक्समध्ये असे तक्ते आहेत. तेही जमत नसेल तर निदान निकाल वेगवेगळे जाहीर करावेत. पदकं दोन-चार जास्त लागतील, इतकंच.

पंचाहत्तर सेंटीमीटरची खुर्ची

बसून फेकण्याच्या स्पर्धेत नियमांचा जाच सगळ्यात जास्त वाटतो, म्हणून जरा जवळून बघू. फेकीची फ्रेम (ज्यावर बसून फेकतात ती खुर्ची), वर टाकलेल्या गादीसकट, जमिनीपासून ७५ सेंटीमीटरपेक्षा उंच चालत नाही. उंचावरून सोडलेला गोळा लांब जातो, एवढं साधं कारण. भोसरी-चाकणकडच्या फॅब्रिकेटरकडून फ्रेम करून घेताना लोक नेमकं सांगतात, ‘७५ ची करा’. मग वर दोन इंची फोम येतो आणि माप ८० होतं. माप खेळाडू बसलेला नसताना घेतात, त्यामुळे ‘बसल्यावर गादी दबते’ हा युक्तिवाद चालत नाही. म्हणून आधी गादी ठरवावी, तिची जाडी मोजावी, ती ७४ मधून वजा करावी आणि उरेल त्या उंचीची फ्रेम सांगावी. एक सेंटीमीटर मोकळा राहिलेला बरा, कारण मैदान सपाट असेलच याची खात्री नसते.

धरायचा दांडा सरळ हवा, कुठेही बाक नको, छेद गोल किंवा चौरस. लवचीक दांडा स्प्रिंगसारखा फेकीत जोर घालतो म्हणून तो बाद. पट्टेही ताणले न जाणारे हवेत. ट्रॅकपँटचं इलॅस्टिक वापरून केलेला पट्टा नापास होतो. फ्रेमचा कोणताही भाग वर्तुळाच्या कडेबाहेर डोकावता कामा नये.

खरी मेख आहे ती ‘उठण्या’ची. गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून बसण्याच्या हाडापर्यंत मांडी आसनाला टेकलेली हवी आणि गोळा पडून त्याची खूण होईपर्यंत बूड उचललं जाता कामा नये. ज्याच्या पायात थोडी ताकद आहे तो जोराच्या भरात दोन बोटं उचलला जातो, आणि नेमकी तीच त्याची सगळ्यात लांब फेक असते. बाजूला बसलेला पंच लाल झेंडा दाखवतो, घरचे चिडतात. पण पायांचा जोर लावता येणं हाच तर दोन वर्गांमधला फरक आहे. ते चालू दिलं तर वर्गीकरणालाच अर्थ उरत नाही. यावर उपाय सरावातच करायचा: मांडीवरचा पट्टा कमरेच्या जितका जवळ बांधाल तितकं उचलणं कमी होतं, आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून प्रत्येक फेक तपासता येते. दर दोन-तीन फेकींनंतर पट्टा घट्ट आहे का ते बघावं. तो सैल होतोच. त्या-त्या फेकीसाठी मिळणारं मिनिट संपायच्या आत बघावं, हे ओघाने आलं.

लिहून ठेवलेली सवलत कशी दिसते

पुण्यात पॅरा जलतरणाचं नाव काढलं की मुरलीकांत पेटकर आठवतात. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले हे जवान १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. त्या काळात वर्ग मुख्यतः वैद्यकीय निदानावरून ठरायचे. आज निदानापेक्षा पाण्यात शरीर काय करू शकतं ते पाहतात, आणि सोबत प्रत्येकाच्या नावापुढे काही चिन्हं लागतात. त्यांना अपवाद-संकेत म्हणू.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी टेकायला हवेत, हा सगळ्यांसाठीचा नियम. ज्याला एकच हात आहे त्याच्या नावापुढे तसा संकेत असतो: फक्त उजवा, किंवा फक्त डावा टेकवायचा. ज्याचा एक हात आखूड आहे त्याला वेगळा संकेत मिळतो. लांब हात टेकला तरी पुरे, पण आखूड हातही त्याच क्षणी पुढे ताणलेला दिसला पाहिजे. पायाचं पाऊल बाहेर वळत नसेल तर संकेत ८ किंवा ९: चांगला पाय वळला पाहिजे, दुसऱ्याला माफी. १२ असेल तर पाय नुसते ओढत न्यावेत किंवा किक मारण्याचा प्रयत्न दिसावा. हे संकेत वर्गीकरणाच्या वेळीच ठरतात आणि कोणाला कोणता लागू आहे हे पंचांना शर्यतीआधी माहीत असतं. त्यामुळे काठावर उभ्या पंचाला दया दाखवायची वेळच येत नाही. ज्याला फक्त डाव्या हाताचा संकेत आहे त्याने डावा हात टेकवला का, एवढंच त्याने बघायचं.

आणि म्हणूनच तो तिथे पुरता कडक राहू शकतो. सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव, दोन्ही हात कोपराखाली नसलेला अर्जुन पुरस्कारविजेता जलतरणपटू, टोकियोत एसबी७ (ब्रेस्टस्ट्रोकचा एक वर्ग) च्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नियमभंगावरून बाद झाला. वाईट वाटलं सगळ्यांना. पण अक्षमतेमुळे जे जमत नाही ते संकेतांत आधीच वगळलेलं असतं. उरलेला नियम हा पोहण्याच्या प्रकाराचा नियम असतो आणि तो आठही लेनला सारखाच लागतो.

स्थानिक पातळीवर अडतं ते इथे, कारण संकेत नोंदवलेलेच नसतात. पोहायला येणाऱ्याचं औपचारिक वर्गीकरण झालं नसेल तर प्रशिक्षकाने प्रवेशिकेसोबत एक साधा कागद जोडावा: कोणता हात टेकतो, कोणतं पाऊल वळत नाही, उडी ठोकळ्यावरून मारतो की पाण्यातूनच सुरुवात करतो. रेफ्रीला तो आदल्या दिवशी द्यावा. शर्यतीनंतर सांगितलं तर ती सबब ठरते.

सोडलेली दोरी

आता उलट बाजू. ८ सप्टेंबर २०२४, पॅरिस, महिलांची टी१२ मॅरेथॉन. हा वर्ग दृष्टीची अक्षमता असलेल्यांचा, सोबत दोरी धरून वाट दाखवणारा गाइड रनर धावतो. स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती, मागची धावपटू तीन मिनिटांहून जास्त मागे. शेवटच्या काही मीटरवर तिच्या गाइड रनरच्या पायात पेटके आले, तो कोसळायला लागला. तिने हातातली दोरी सोडून त्याला सावरलं, पुन्हा दोरी धरली आणि रेषा ओलांडली. त्या दिवशीच्या निकालात ती बाद झाली आणि कांस्यपदक जपानच्या मिसातो मिचिशिताला मिळालं.

दोरीचा नियम गरजेचाच आहे. गाइडने खेळाडूला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, रेषा त्याच्याआधी ओलांडायची नाही, आणि दोघांना जोडणारी आखूड, न ताणली जाणारी दोरी शर्यतभर धरलेली हवी. नाहीतर दमलेल्या धावपटूला शेवटच्या शंभर मीटरवर कोणीही खेचून नेईल. रिओत ब्रिटनच्या लिबी क्लेगला उपांत्य फेरीनंतर गाइडची मदत झाल्याच्या कारणावरून बाद केलं होतं. अपिलात तो निर्णय फिरला आणि तिने टी११ चं १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. म्हणजे पंचांचीही नजर चुकते आणि ती दुरुस्त करायची वाट असते.

काँगोस्तच्या बाबतीत नजर चुकली नव्हती. तिने दोरी सोडली, हे सगळ्यांनी पाहिलं. आमच्या मते पंच बरोबर होते आणि नियम अपुरा होता. जलतरणात अंध पोहणाऱ्यासाठी वाक्य कसं लिहिलंय बघा: लेनच्या दोराला खेटल्यामुळे दोन्ही हात एकदम टेकले नाहीत, तर दोर ओढून फायदा घेतलेला नसेल तोवर त्याला बाद करू नये. इथे पंचाला एक प्रश्न विचारायची मुभा लेखी दिलेली आहे: फायदा झाला का? मॅरेथॉनच्या दोरीला तसं वाक्य असतं तर काँगोस्तचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता, कारण थांबून दुसऱ्याला सावरण्यात तिचा वेळ गेलाच होता.

मात्र सगळीकडे असा प्रश्न विचारता येत नाही. गोलबॉल या अंधांच्या चेंडूच्या खेळात खेळ चालू असताना परवानगीशिवाय डोळ्यांवरच्या पट्टीला हात लावला की पेनल्टी. खाज सुटली होती की फटीतून बघायचं होतं, हे पंचाला कळायला मार्ग नाही. हेतू बाहेरून दिसत नसेल तिथे कृतीवरच शिक्षा ठेवावी लागते. घामाने पट्टी सरकत असेल तर खेळ थांबल्यावर हात वर करून आधी परवानगी मागायची, ही सवय पहिल्या महिन्यातच लावावी.

शिस्तीचे नियम तिसऱ्याच जातीचे. पॅरिसमध्ये एफ४१ भालाफेकीत इराणच्या सादेघ बेत सायाहने ४७.६४ मीटर फेकूनही सुवर्ण गमावलं, कारण देशाचा सोडून भलताच झेंडा मैदानात फडकवला. ४७.३२ मीटर फेकणारा आपला नवदीप सिंग रौप्यावरून सुवर्णावर गेला. तेव्हा आपल्यापैकी कुणी ‘नियम फार कडक आहेत’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

घड्याळ तेच, सांगण्याची रीत वेगळी

मग टोकियोच्या कॉलरूमचं काय? हजेरीची वेळ कोणासाठी सैल करता येत नाही, सगळं वेळापत्रक तिच्यावर उभं असतं. पण त्या दिवशी उशिरा आलेल्यांची तक्रार होती की घोषणा उशिरा झाली आणि न कळणाऱ्या भाषेत झाली. तक्रार फेटाळली गेली. तरी स्थानिक आयोजकांनी धडा घ्यावा तो इथूनच, कारण आपल्याकडे सूचना म्हणजे भोंग्यावरून हिंदी-इंग्रजी-मराठीत एकदा ओरडणं. कर्णबधिर मुलाला ते ऐकू येत नाही, बौद्धिक अक्षम मुलाला गोंगाटात त्याचा अर्थ लागत नाही.

करायच्या गोष्टी स्वस्तातल्या आहेत. प्रत्येक खेळाडूच्या चेस्ट नंबरसोबत एक कार्ड द्यावं: घड्याळाचं चित्र काढून हजेरीची वेळ, आणि कॉलरूमच्या तंबूचा रंग. बौद्धिक अक्षम खेळाडूमागे एक ठरावीक स्वयंसेवक, त्याने पाऊण तास आधी हाक मारायची. कर्णबधिरांच्या शर्यतीला पिस्तुलाबरोबर झेंडा किंवा दिवा. बालेवाडीचं संकुल मोठं आहे, गेटपासून ट्रॅकपर्यंत व्हीलचेअर ढकलत जायला वेळ लागतो. हजेरीची वेळ छापताना ती ‘गेटवर’ की ‘तंबूत’ हे स्पष्ट लिहावं. आदल्या दिवशी मुलांना कॉलरूमपासून ट्रॅकपर्यंत एकदा चालवून आणावं. एवढं केल्यावर जो उशिरा आला त्याला बाद करताना कोणाचाच हात थरथरणार नाही.

तरीही निर्णय चुकला असं वाटलं तर भांडू नका, हरकत नोंदवा. अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत अधिकृत निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांची मुदत असते. खेळाडूने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी आधी रेफ्रीकडे तोंडी हरकत घ्यायची. तिथे समाधान झालं नाही तर ज्यूरीकडे लेखी, शुल्क भरून. फेक किंवा उडी चालू असतानाच फाउलवर वाद झाला तर खेळाडूने लगेच तिथेच सांगावं, म्हणजे ती फेक मोजून बाजूला नोंदवून ठेवता येते. खुणा पुसल्यावर कोणतीही ज्यूरी काही करू शकत नाही. निकाल फलकावर लागला ती वेळ मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि हरकत दुसऱ्याच्या वर्गाबद्दल असेल तर ती खेळाडूला किंवा पालकांना थेट घेता येत नाही, संघटनेमार्फतच जावं लागतं. तेव्हा राज्य संघटनेचा प्रतिनिधी मैदानावर कोण आहे आणि त्याचा नंबर काय, हे सकाळीच विचारून ठेवलेलं बरं. त्या अर्ध्या तासात शोधाशोध होत नाही.